धानाच्या बांधीला दिवसा पाणी

गोंदिया जिल्ह्यात विजेची दोन रूपं दिसतात. तिरोड्याच्या औष्णिक केंद्रात 660 मेगावॉटचे 5 संच कोळशावर चालतात. दुसरीकडे धानाच्या बांधीत सौर पंप येऊ लागले आहेत.

उन्हाळी धानाला भरपूर पाणी लागतं. शेतीला वीज रात्रपाळीने मिळाली, की बॅटरी घेऊन धुऱ्यावरून जायचं, साप-विंचवाची, जंगलालगत बिबट-अस्वलाची धास्ती बाळगायची. दिवसा वीज देण्यासाठी राज्याने दोन वाटा काढल्या आहेत.

पहिली, मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0. यात उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून शेतीपंपांची अख्खी वाहिनीच सौर विजेवर आणतात. दुसरी, 2024 ची ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’. वीजजोडणी नसलेल्या शेतकऱ्याला स्वतंत्र पंप मिळतो. सर्वसाधारण गटाला किमतीच्या 10 टक्के, अनुसूचित जाती-जमातींना 5 टक्केच भरावे लागतात. अडीच एकरांपर्यंत 3, पाच एकरांपर्यंत 5 आणि त्यापुढे साडेसात अश्वशक्तीचा पंप.

उन्हावर पंप चालला, की तेवढा कोळसा किंवा डिझेल वाचतं आणि कार्बन उत्सर्जन घटतं. मात्र पंप चालवायला खर्च नाही म्हणून पाण्याचा उपसा बेसुमार झाला, तर भूजल खाली जाईल. ढगाळ दिवशी पंप मंदावतो, हेही लक्षात ठेवावं.

विहीर, बोअर किंवा शेततळं असेल, तर सातबारा आणि आधार घेऊन महावितरणकडे ऑनलाइन अर्ज करा. पॅनेलवरची धूळ मात्र नियमित पुसा.