राजवाड्यातलं पत्र आणि भाऊबीजेचा कागद

दुपारची वेळ. भांडी घासून पालथी घातलेली, एमआयडीसीतली पहिली पाळी सुटायला अजून तासभर होता. लेकीच्या उशाशी एक जाडजूड इंग्रजी पुस्तक पडलं होतं. मी म्हटलं, "एवढं काय असतं गं यात?" तर म्हणाली, "आई, राजवाडा आहे, गाद्या आहेत, विषप्रयोग आहेत. तुला आवडेल, ऐक."

मैत्रिणींनो, पालक निवडता निवडता मी ती गोष्ट ऐकली, आणि खरं सांगते, निवडलेला पालक कुठला नि न निवडलेला कुठला हेच विसरले!

जॉर्ज आर. आर. मार्टिन या अमेरिकन लेखकाची ही कादंबरीमाला. पहिला भाग 'अ गेम ऑफ थ्रोन्स' १९९६ साली निघाला. त्यात राजाचा मुख्य कारभारी एकाएकी मरतो. त्याची विधवा लायसा आपल्या बहिणीला, कॅटलिनला, दोघींच्या लहानपणच्या गुप्त भाषेत पत्र पाठवते: माझ्या नवऱ्याला राणीनं मारलं. आता सख्ख्या बहिणीचं पत्र, तेही नुकतंच कपाळ पांढरं झालेलं! खोटं कोण म्हणेल? शिवाय राणी खरोखरच कपटी, तिची दुसरी पापं आहेतच. म्हणून हेही तिनंच केलं असणार, असं सगळ्यांनी धरून घेतलं. कॅटलिनचा सरळमार्गी नवरा कारभारी होऊन राजधानीत जातो आणि शेवटी जिवाला मुकतो. दोन मोठी घराणी एकमेकांवर तुटून पडतात.

खरी गोष्ट कळते ती तिसऱ्या भागात, तो आला २००० साली. नवऱ्याच्या मद्यात विष घातलं होतं लायसानंच! पत्रही तिनं लिहिलं ते दुसऱ्याच्या सांगण्यावरून. सांगणारा कोण? दरबारातला हसतमुख, सगळ्यांच्या उपयोगी पडणारा खजिनदार पीटर बेलिश. लायसाचा त्याच्यावर लहानपणापासून जीव, त्यातून नवरा तिच्या एकुलत्या मुलाला परक्या घरी वाढायला पाठवणार होता. आणि बेलिशला हवी होती मोठ्यांची झुंज, कारण गोंधळातच लहान माणसाला वर चढायला वाट मिळते. म्हणजे ओठांवर न्यायाची भाषा, आणि पोटात प्रत्येकाचं वेगळंच.

"आई, पण हे सगळं काल्पनिक हं," लेक म्हणाली. मी म्हटलं, "बाई गं, आपल्या शिवमंदिराला विचार!"

आपण श्रावणी सोमवारी, महाशिवरात्रीला अंबरनाथच्या देवळात जातो. त्याच्या उत्तरेकडच्या दारावर शके ९८२चा, म्हणजे इसवी सन १०६०चा लेख आहे. राजा शिलाहार घराण्यातला मुम्मुणी. त्याची राजधानी श्रीस्थानक, म्हणजे आपलं ठाणं. या गादीवर छित्तराज, नागार्जुन आणि मुम्मुणी हे तिघे सख्खे भाऊ एकामागून एक बसले. त्याआधी त्यांचा चुलता अरिकेसरी राज्य करून गेला होता. मुम्मुणीनंतरचा अनंतदेव हा मधल्या भावाचा, नागार्जुनाचा मुलगा. चुलते-पुतणे म्हटलं की पुढचं आपल्याला सांगायला नकोच.

या अनंतदेवाचा शके १०१६चा, म्हणजे इसवी सन १०९४च्या सुमाराचा ताम्रपट कोकणात खारेपाटणला सापडला. त्यात त्याची थोरवी गायली आहे. भाऊबंदांच्या वैरामुळे वाईट काळ आला, त्यात सत्ता बळकावून कोणी कोकण उद्ध्वस्त केलं, देवाब्राह्मणांना छळलं, त्या पाप्यांचा त्यानं तलवारीनं निःपात केला. वाचून हात जोडावेत असंच वाटतं! पण ताम्रपट कोरला कशासाठी? तर महामात्य भाभण श्रेष्ठी आणि त्याचा भाऊ यांचा माल श्रीस्थानक, शूर्पारक म्हणजे सोपारा, चेमुली म्हणजे चौल अशा बंदरांत आला की त्यावरची जकात माफ! आता यावरून भाभणावर आळ घेता येणार नाही. अडचणीच्या काळी केलेल्या चाकरीचं ते बक्षीसही असेल. पण भाऊबंद का भांडले, दुसऱ्या बाजूचं म्हणणं काय होतं, हे आपल्याला कुणी सांगत नाही. जिंकलेल्यानं लिहिलं तेवढंच उरलं. आणि त्या राजवाड्यातल्या सुना-लेकींवर त्या वैरात काय गुदरलं असेल, याला तर तांब्याची एक ओळसुद्धा मिळालेली नाही.

हे ऐकताना मला माझी भाऊबीज आठवली. तीन वर्षं झाली. दादा आला, ओवाळणीत छान साडी घातलीन्. जेवण झाल्यावर पिशवीतून कागद काढला. "सही कर गं, नुसता उपचार आहे." हक्कसोडपत्र होतं ते! पेन हातात घेतलंही होतं मी. मग कसं कोण जाणे, विचारलं, "दादा, हे आत्ताच का?" तो गप्प झाला. गावच्या जमिनीला गिऱ्हाईक आलं होतं.

नातेवाइकांत एकच बोलबाला, "वहिनीनंच भरवलं असणार!" मीही तेच धरून चालले होते. वहिनीचा स्वभाव जरा तिखट आहे ना! वर्षभर मी तिच्याशी धड बोलले नाही. पुढे दादानंच कबूल केलं, कर्ज त्याचं आणि बेतही त्याचाच. वहिनीला कागदाचा पत्ताच नव्हता. कादंबरीतल्या राणीसारखं झालं बघा. बाई तोंडाळ म्हणजे पाप तिचंच!

म्हणून म्हणते, घराचा दरबार करू नका, प्रत्येकाच्या ताटात विष शोधू नका. पण सही मागितली, किंवा कुणी कानाशी लागून तिसऱ्याबद्दल सांगितलं, तर मनाशी तीन गोष्टी विचारा. हे आत्ताच का? यात कोणाला काय मिळणार? आणि ज्याच्यावर आळ आहे त्याला कुणी विचारलं का? २००५ साली हिंदू वारसा कायदा बदलला. तेव्हापासून वडिलोपार्जित मालमत्तेत लेकीला मुलाइतकाच हक्क आहे. तो आनंदानं सोडायचा असेल तर जरूर सोडा, पण कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचून, जाणत्याला दाखवून. हक्कसोडपत्र एकदा नोंदलं की ते फिरवणं सोपं नसतं.

मी सही केली नाही. दादा वर्षभर रुसला, मग आला. जमीन विकली तेव्हा माझा वाटा मला मिळाला, त्यातले काही मी आपण होऊन त्याच्या कर्जाला दिले. वहिनीची क्षमा मागितली ती मात्र तिच्या स्वयंपाकघरात, तिच्याबरोबर चकल्या पाडताना. तिनं वर न बघता एवढंच म्हटलं, "तेल तापलंय, सोडा आता."