‘ऐतिहासिक’ म्हणावे तरी कशाला?

लोह्यात काय, नांदेडात काय किंवा लातुरात काय, निवडणुकीच्या दिवसांत चौकातले फलक वाचत जावे. सभा ऐतिहासिक, मोर्चा ऐतिहासिक, विजय तर ऐतिहासिक असतोच. घरी येऊन वर्तमानपत्र उघडावे, तर सोन्याचा भावही ऐतिहासिक झालेला! रोजच इतका इतिहास घडू लागला, तर शाळेतल्या मुलांनी तो पाठ करायचा तरी कधी?

शब्द तसा जुना आणि मानाचा. ‘इति ह आस’, म्हणजे ‘असे खरोखर घडले’, अशी इतिहास या शब्दाची फोड सांगतात. त्याला ‘इक’ हा प्रत्यय लागला, की पहिल्या स्वराची वृद्धी होते. नीतीचे नैतिक, भूगोलाचे भौगोलिक, तसे इतिहासाचे ऐतिहासिक. म्हणून बोलण्यात येणारे ‘इतिहासिक’ चुकीचे आणि फलकावरचे ‘ऐतिहासीक’ही चुकीचेच. संस्कृतातून जसाच्या तसा आलेला हा शब्द ‘सि’ ऱ्हस्वच ठेवून लिहायचा.

खरी गफलत होते ती अर्थाची. या एका शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत. एक, इतिहासाशी संबंधित. दुसरा, इतिहासात नोंद व्हावी असा. रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची ‘मोचनगड’ १८७१ साली पुस्तकरूपाने आली. तिचे कथानक शिवकाळातले, म्हणून ती पहिल्या अर्थाने ऐतिहासिक कादंबरी. पण मराठीतली त्या प्रकारची पहिली कादंबरी असा मान तिला मिळाला, तो दुसऱ्या अर्थाने ऐतिहासिक! तिच्यानंतर अशा कादंबऱ्या पुष्कळ आल्या. त्या साऱ्या पहिल्या अर्थाने ऐतिहासिक आहेत. दुसऱ्या अर्थाने मोजक्याच.

पहिल्या अर्थासाठी आपल्याकडे शब्दांना तोटा नाही. लोह्याजवळच्या कंधारला भुईकोट किल्ला आहे. भोवती खंदक, आणि नाते थेट राष्ट्रकूटांशी. त्याला ‘प्राचीन’ म्हटले की वय कळते, ‘इतिहासप्रसिद्ध’ म्हटले की कीर्ती कळते. लोहा तालुक्यातल्याच माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते, घोड्यांचा आणि गाढवांचा बाजार भरतो. तिला ‘पारंपरिक’ शब्द शोभतो; कारण ती संपून इतिहासजमा झालेली नाही, दर वर्षी नव्याने भरते आहे.

दुसऱ्या अर्थाच्या आसपासही शब्दांची रांग आहे. पाऊस विक्रमी पडतो, भाव उच्चांकी असतो, गर्दी अभूतपूर्व असते, निर्णय दूरगामी ठरतो आणि सोहळा संस्मरणीय होतो. एखाद्या माणसाने काळाची दिशाच बदलली, तर त्याला युगप्रवर्तक म्हणावे. यातला प्रत्येक शब्द काही नेमके सांगतो. ‘ऐतिहासिक’ मात्र सगळ्यांच्या जागी बसवला, की नेमके काय घडले ते कळेनासे होते.

मराठवाड्यातल्या जुन्या पिढीला आणखी एक शब्द ठाऊक होता, तवारीख. निजामाच्या राज्यात कारभार आणि वरचे शिक्षण उर्दूतून चाले. १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. ‘तवारीख’ हे ‘तारीख’ शब्दाचे अनेकवचन. उर्दूत ‘तारीख’ म्हणजे दिनांकही आणि इतिहासही. ऐतिहासिक म्हणायचे, तर ‘तारीखी’ म्हणायचे. मोठी मार्मिक गोष्ट आहे ही. कॅलेंडरावरची प्रत्येक तारीख काही इतिहास होत नाही, एखादीच होते.

आपल्याकडे झाली ती १७ सप्टेंबर १९४८. १५ ऑगस्ट १९४७ हा देशाचा ऐतिहासिक दिवस; पण त्या दिवशी लोहा-कंधारच्या माणसाच्या डोक्यावर निजामाचीच सत्ता होती. आणखी तेरा महिने गेले, स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालचा लढा चालला, रझाकारांचा जुलूम सोसावा लागला आणि ‘पोलीस ॲक्शन’नंतर हैदराबाद संस्थान शरण आले. त्या दिवसाला ऐतिहासिक म्हणताना जीभ अडखळत नाही. कारण त्याच्या आदल्या दिवशीचे जगणे आणि दुसऱ्या दिवशीचे जगणे एक नव्हते.

हीच या शब्दाची कसोटी मानावी. ‘यानंतर काय बदलले?’ असा प्रश्न विचारावा आणि उत्तर मिळाले, तरच हा शब्द वापरावा. आज घडलेल्या गोष्टीला तर तो शक्यतो लावूच नये. तो मान द्यायचा अधिकार पुढच्या पिढ्यांचा. आपल्या सभेला आपणच ऐतिहासिक म्हणणे म्हणजे आपल्या लेकराच्या उत्तरपत्रिकेवर आपणच गुण देणे!

हा केवळ शब्दांचा कीस नव्हे. सोन्याचा भाव आणि मुक्तिसंग्राम यांना एकच विशेषण लावत राहिलो, तर उद्या नातवंडांना दोन्हींचे मोल सारखेच वाटेल. ज्यांनी तो दिवस पाहिला, ती माणसे आता फार थोडी उरली आहेत. त्यांच्या वाट्याचा शब्द तरी आपण राखून ठेवायला हवा.