निर्णय सोलापूरबाहेर, परिणाम सोलापुरात

७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राच्या विदेश व्यापार महासंचालनालयानं एक अधिसूचना काढली आणि दुसऱ्या दिवसापासून कांद्याची निर्यात बंद झाली. सोलापूरच्या सिद्धेश्वर बाजार समितीत तेव्हा खरिपाच्या लाल कांद्याच्या गाड्यांची रांग वाढत होती. भाव कोसळले. त्याच वर्षी फेब्रुवारीत, निर्यातीवर बंदी नसताना, बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला याच बाजारात ५१२ किलो कांदा विकल्यावर हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा जाता दोन रुपयांचा चेक मिळाला होता, तोही पुढच्या तारखेचा. बाजार पडला तेव्हा सरकारला घाई नव्हती, आणि बाजार चढू लागला तेव्हा सरकार धावून आलं. दोन्ही वेळा कांदा पिकवणाऱ्याला कुणी काही विचारलं नाही. जागतिकीकरण आणि लोकशाही यांच्या नात्याची चर्चा आपण बहुधा जिनिव्हा आणि दावोसपासून सुरू करतो. माझ्या मते ती सोलापूरच्या मार्केट यार्डापासून सुरू व्हायला हवी.

महाराष्ट्रात हा वाद जुना आहे. १९९१ च्या डिसेंबरात ‘गॅट’चे महासंचालक आर्थर डंकेल यांनी व्यापार कराराचा मसुदा मांडला आणि आपल्याकडे उभी फूट पडली. डावे पक्ष आणि कामगार संघटना विरोधात होत्या. त्याच वर्षी नागपुरात स्थापन झालेला स्वदेशी जागरण मंचही विरोधात होता. शेजारच्या कर्नाटकात प्रा. नंजुंडस्वामींची रयत संघटना रस्त्यावर उतरली. शेतकरी संघटनेचे शरद जोशी मात्र मसुद्याच्या बाजूनं उभे राहिले. सरकारच शेतमालाचे भाव पाडतं, शेतकऱ्याला मिळते ती उणे सबसिडी, म्हणून जगाचा बाजार मोकळा होऊ द्या, असा त्यांचा युक्तिवाद होता. कांद्याच्या इतिहासानं त्यांचं निदान खरं ठरवलं. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क, डिसेंबरात पूर्ण बंदी, मे २०२४ मध्ये किमान निर्यातमूल्य आणि शुल्काच्या अटींसह सूट, हे सगळं देशातल्याच सरकारनं केलं. पण एकदा दार उघडलं की ते उघडंच राहील, हा जोशींचा विश्वास फोल ठरला. विरोधकांनी बियाणं, पेटंट, श्रीमंत देशांची अनुदानं यांवर जे इशारे दिले ते मोलाचे होते. तरीही एका मुद्द्यावर दोन्ही बाजूंनी पुरेसा जोर दिला नाही. शेती हा राज्यसूचीतला विषय असताना १५ एप्रिल १९९४ रोजी मराकेशला जी सही झाली, तिला ना संसदेची मंजुरी लागली, ना विधानसभेची.

अर्थतज्ज्ञ दानी रॉड्रिक यांनी २०११ च्या पुस्तकात मांडलेली त्रिधा आता सर्वत्र सांगितली जाते: पराकोटीचं जागतिकीकरण, राष्ट्राची सार्वभौम सत्ता आणि लोकशाही, या तिन्ही गोष्टी एकाच वेळी पुरत्या मिळत नाहीत. मांडणी उपयोगी आहे, पण तीत शहराला जागा नाही. सोलापूरसारख्या शहराला जिनिव्हा जितकं दूर, तितकीच दिल्ली दूर, आणि मध्यंतरी तर आपलीच महापालिकाही दूर गेली होती.

मुळात हे शहर जगाच्या व्यापारानंच घडवलं. १८६० मध्ये रेल्वे आली, १८७७ मध्ये मोरारजी गोकुळदासांनी गिरणी काढली, तीच आपली ‘जुनी गिरणी’. पुढे लक्ष्मी, विष्णू, नरसिंगगिरजी आल्या. तेलंगणातून पद्मशाली विणकर येत राहिले आणि शहराचा पूर्वभाग तेलुगू बोलू लागला. या गिरण्यांतल्या कामगारांनी १९३० च्या मे महिन्यात इंग्रजी सत्ता काही दिवस शहराबाहेर ठेवली. त्याची किंमत म्हणून मार्शल लॉ आला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन फासावर गेले. आमच्या भाकरीचा निर्णय लांब कुठेतरी होतो, ही जाणीव या शहराला तेव्हापासून आहे.

गिरण्यांच्या मृत्यूचं सगळं खापर १९९१ वर फोडणं मात्र मला पटत नाही. जुनी गिरणी उदारीकरणाच्या कितीतरी आधी, साठच्या दशकात बंद पडली. तिची जागा यंत्रमागांनी घेतली आणि जेकार्डवरची सोलापुरी चादर, टेरी टॉवेल देशभर गेले. इथं जागतिकीकरणाचं एक वेगळं रूप दिसतं. ज्या जागतिक व्यापार संघटनेनं बाजार उघडले, तिच्याच बौद्धिक संपदेच्या करारापोटी भारतानं १९९९ मध्ये भौगोलिक निर्देशनाचा कायदा केला आणि सोलापुरी चादर-टॉवेलच्या नावाला संरक्षण मिळालं. कागदावर हे मोठं यश आहे. पण बाहेर विणलेल्या मालावर ‘सोलापुरी’ छापून विकणं थांबलेलं नाही. आणि नावाचा हक्क उत्पादकांचा. ज्याच्या हातानं चादर विणली, तो नगावर मजुरी घेणारा कामगार त्या हक्कात कुठेच नाही. २००५ पासून जगातला कापड-कोटा संपला, स्पर्धा वाढली, आणि खर्च कमी करायची वेळ आली की तो आधी याच मजुरीतून कमी होतो. प्रॉव्हिडंट फंडासारख्या साध्या हक्कासाठी इथं वर्षानुवर्षं भांडावं लागलं.

बिडीची गोष्ट याहून अवघड. यंत्रमागावर नवरा आणि घरी बिडी वळणारी बायको, हे पूर्वभागातलं घराघरातलं गणित. रात्री पान भिजवायचं, सकाळी पत्र्याच्या मापानं कापायचं, तंबाखू भरून वळायचं, सुतानं बांधायचं, आणि कंपनीच्या ब्रँचमध्ये नेऊन द्यायचं. तिथं ‘छाट’ म्हणून काही बिड्या बाजूला पडतात, त्यांचे पैसे मिळत नाहीत. २००४ मध्ये भारतानं जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण कराराला मान्यता दिली. करार योग्यच आहे. तंबाखूची धूळ सर्वांत आधी या बायकांच्याच छातीत जाते. पण त्याच कराराचं १७ वं कलम म्हणतं की तंबाखूवर जगणाऱ्या कामगारांना परवडणारा पर्यायी रोजगार मिळण्यासाठी सरकारांनी मदत करावी. पाकिटावरच्या इशाऱ्याची चित्रं मोठी झाली, कर वाढला, कायदे कडक झाले. १७ वं कलम सोलापूरच्या वस्त्यांपर्यंत पोचलेलं मला दिसत नाही. शिवण, पापड यांची प्रशिक्षणं झाली असतील, पण हजारो बायकांची रोजची मजुरी भरून काढेल असं काम उभं राहिलं नाही.

तरीही याच बायकांनी या शहराला लोकशाहीचा सर्वांत मोठा धडा दिला आहे. माकपचे नरसय्या आडम, म्हणजे आडम मास्तर, यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी घरं मागितली. कुंभारीजवळ गोदूताई परुळेकर वसाहतीत १० हजार घरं झाली. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग त्यासाठी आले. मग यंत्रमाग कामगार, फेरीवाले, कागद-काच वेचणाऱ्या बायका अशा असंघटितांसाठी ३० हजार घरांचं रे नगर उभं राहू लागलं. २०१९ मध्ये नरेंद्र मोदींनी पायाभरणी केली आणि १९ जानेवारी २०२४ रोजी पहिल्या १५ हजार घरांच्या किल्ल्या दिल्या. पायाभरणीच्या व्यासपीठावर मोदींचं कौतुक केलं म्हणून मास्तरांना पक्षाच्या केंद्रीय समितीतून तीन महिने निलंबित केलं गेलं. दोन परस्परविरोधी पक्षांच्या पंतप्रधानांना कम्युनिस्टांच्या वसाहतीत यावं लागलं, हे मोर्चे, सभा आणि वर्षानुवर्षं भरलेल्या अर्जांचं फळ आहे. जागतिकीकरणाच्या टीकाकारांनी मुंबईच्या २००४ च्या जागतिक सामाजिक मंचाइतकाच या वसाहतींचाही अभ्यास करावा. फक्त एक बोच राहते: घर मिळालं, पण रोजगाराचा निर्णय अजूनही त्या घरापासून तितकाच लांब आहे.

असे लांबचे निर्णय शहरातल्या शहरातही होतात; त्यासाठी आता एका चिमणीकडे येऊ. १५ जून २०२३ रोजी सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची सहवीजनिर्मितीची उंच चिमणी पोलीस बंदोबस्तात पाडली गेली. होटगी रोडच्या विमानतळाला ती अडथळा होती. विमानसेवेची मागणी करणारे लोक काही चुकीचं मागत नव्हते. शिकलेली मुलं पुण्याला निघून जातात, उद्योग येत नाहीत, निर्यातदाराला ग्राहक इथं आणता येत नाही, हे दुःख खरं आहे. पण कारखानाही ऊस उत्पादक सभासदांचा, एका सभासदाला एक मत देणारा. दोन्ही बाजूंना लोक होते. त्यांनी समोरासमोर बसून भांडायचं ठिकाण म्हणजे महापालिकेचं सभागृह, आणि नेमकं तेच तेव्हा रिकामं होतं. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली होती, निवडणूक झाली नव्हती, आणि कारवाई प्रशासकाच्या हाती असलेल्या महापालिकेनं केली. विमानं जून २०२५ मध्ये गोव्यासाठी उडाली. सभागृहात तो वाद कसा झाला असता, हे मात्र आता कधीच कळणार नाही.

इथं तारखा बोलक्या आहेत. ७४ वी घटनादुरुस्ती १९९३ च्या जूनपासून लागू झाली, म्हणजे उदारीकरण आणि शहरांची लोकशाही जवळजवळ एकत्रच आली. मुदत संपण्याआधी निवडणूक घ्या, असं तीच दुरुस्ती सांगते. २०१६ च्या जानेवारीत सोलापूर स्मार्ट सिटीच्या पहिल्या यादीत आलं, आणि त्या पैशाचा कारभार कंपनी कायद्याखालच्या कंपनीकडे, तिच्या संचालक मंडळाकडे गेला. कंपनी काम वेगानं करते, असा दावा होता. उजनी धरणाच्या पाण्यासाठी चार-पाच दिवस वाट पाहणाऱ्या माणसाला संचालक मंडळात प्रश्न विचारता येत नव्हता.

२४ जुलै २०२५ रोजी भारत-ब्रिटन व्यापार करारावर सह्या झाल्या. कापडावरचं ब्रिटनचं शुल्क त्यात शून्यावर आणायचं ठरलं, म्हणजे इथल्या टॉवेलला संधी आहे. त्याच वर्षी ऑगस्टअखेर अमेरिकेनं बहुतेक भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लावलं, तेव्हा अशा संधीची किंमत जास्तच कळली. पण ब्रिटनमध्ये २०१० च्या कायद्यानुसार असा करार संमतीआधी संसदेसमोर २१ कामकाजी दिवस ठेवावा लागतो आणि तिथल्या खासदारांना त्याविरुद्ध ठराव करता येतो. सोलापूरच्या खासदाराला तसा हक्क नाही. राज्यघटनेच्या कामकाजाचा आढावा घेणाऱ्या न्या. वेंकटचलय्या आयोगानं २००२ मध्येच सुचवलं होतं की करार करण्याच्या अधिकारावर संसदेनं कायदा करावा. तो कायदा व्हावा, आणि शेतीला हात लावणारा प्रत्येक करार आधी विधानसभेत वाचला जावा, ही मागणी आडम मास्तरांच्या संघटनेनं, शेतकरी संघटनेनं आणि यंत्रमागधारकांनी एकत्र करायला हरकत नाही. एरवी त्यांचं कशावरही एकमत होत नसलं, तरी या एका मागणीत तिघांचंही हित आहे.