बुटाची छाप आणि खेळाडूचा पाय

उपभोक्त्याचे वर्तन हा विषय वर्गात शिकवीत असताना एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न पाठ्यपुस्तकात कोठेच बसणारा नव्हता. ती महाविद्यालयाच्या बास्केटबॉल संघात खेळते. एकाच मोसमात तिचा उजवा घोटा दोनदा मुरगळला होता. "सर, कोणत्या कंपनीचे बूट घेतले म्हणजे पाय मुरगळणार नाही?" असे तिने विचारले. पाठोपाठ तिने ज्या बुटांची किंमत सांगितली, ती तिच्या वडिलांच्या कारकुनी पगाराचा बराच मोठा हिस्सा खाणारी होती. वर्गात हशा पिकला. परंतु प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. किंमत, जाहिरात आणि उपयोगिता यांचा परस्परसंबंध काय, हा अर्थशास्त्राचा जुनाच प्रश्न आहे. येथे उपयोगितेच्या जागी एका मुलीचा घोटा होता, एवढाच फरक.

या प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे तर अमेरिकेकडे पाहावे लागते. महाविद्यालयीन खेळांचा एवढा प्रचंड व्यवसाय तेथेच उभा राहिला आहे, बूट-कंपन्यांचे विद्यापीठांशी कोट्यवधी डॉलरचे करार तेथेच होतात, आणि खेळाडूंच्या दुखापतींची पद्धतशीर नोंदही तेथे दीर्घकाळ ठेवली गेली आहे.

२० फेब्रुवारी २०१९ रोजी ड्यूक आणि नॉर्थ कॅरोलायना या दोन विद्यापीठांमधील बास्केटबॉलचा सामना सुरू होऊन पुरते एक मिनिटही झाले नव्हते. ड्यूकचा झायन विल्यमसन हा अठरा वर्षांचा, सुमारे १२९ किलो वजनाचा खेळाडू चेंडू घेऊन वळला आणि त्याच्या डाव्या पायातील नायकी कंपनीचा बूट फाटून पाऊल बाहेर आले. पडताना त्याचा उजवा गुडघा लचकला. माजी राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा प्रेक्षकांत बसलेले होते आणि सारा देश दूरचित्रवाणीवर सामना पाहत होता. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या समभागाचा भाव सुमारे एक टक्क्याने उतरला. ही घटना अपवादात्मक असल्याचा खुलासा कंपनीने केला. ड्यूकच्या प्रशिक्षकांनी पुढे सांगितल्याप्रमाणे कंपनीची माणसे तातडीने विद्यापीठात येऊन दाखल झाली आणि तेथून चीनमधील कारखान्यात जाऊन या खेळाडूसाठी अधिक भक्कम बूट तयार करवून घेण्यात आले. मार्चमध्ये तो पुन्हा मैदानावर उतरला.

या प्रसंगावरून नायकीचे बूट धोकादायक असतात असा निष्कर्ष अनेकांनी काढला. तथापि असा निष्कर्ष काढणे म्हणजे एका घराला लागलेल्या आगीवरून साऱ्या शहराच्या विम्याचा हप्ता ठरविण्यासारखे आहे. दुखापतींचे प्रमाण सांगावयाचे तर अंश हवा तसा छेदही हवा. किती खेळाडू किती वेळा मैदानावर उतरले आणि त्यांपैकी किती जायबंदी झाले, हे ठाऊक असल्याखेरीज कोणत्याही छापेला दोष देता येत नाही आणि श्रेयही देता येत नाही.

आकडे काय सांगतात?

अमेरिकन महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणारी 'नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन' ही संस्था मुळात दुखापतींच्या प्रश्नातूनच जन्माला आली. फुटबॉलच्या मैदानावर विद्यार्थी दगावू लागले तेव्हा १९०५ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी त्यात लक्ष घातले आणि पुढील वर्षी ही संस्था अस्तित्वात आली. १९८२ मध्ये तिने दुखापतींची नोंद ठेवण्याची व्यवस्था सुरू केली. एका खेळाडूने एका सामन्यात अथवा एका सरावात भाग घेतला म्हणजे एक सहभाग, आणि अशा दर हजार सहभागांमागे किती दुखापती झाल्या, असा हा हिशेब असतो. १९८८-८९ ते २००३-०४ या सोळा वर्षांतील पंधरा क्रीडाप्रकारांच्या आकडेवारीचा गोषवारा २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार सामन्यांत दर हजारी १३.८, तर सरावात ४ दुखापती होत होत्या. निम्म्याहून अधिक दुखापती पायांना झालेल्या होत्या आणि एकट्या घोट्याच्या लचकण्याचा वाटा सुमारे १५ टक्के होता. म्हणजे माझ्या विद्यार्थिनीची व्यथा ही साऱ्या महाविद्यालयीन क्रीडाविश्वाची व्यथा आहे.

याच नोंदींवर आधारलेल्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसून आली. बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलींमध्ये गुडघ्याच्या पुढील अस्थिबंधाला इजा होण्याचे प्रमाण मुलांच्या सुमारे तिप्पट होते. आता, संपूर्ण विद्यापीठाचा करार एकाच कंपनीशी असेल तर त्याचे दोन्ही संघ एकच छाप पायात घालून खेळतात. छापेतच संरक्षण सामावलेले असते तर एवढी तफावत दिसावयास नको होती. कारणे अन्यत्र, म्हणजे उडी मारून जमिनीवर उतरण्याची पद्धत, मांडीच्या स्नायूंची ताकद, शरीराची ठेवण यांत शोधावी लागतात.

प्रत्यक्ष बुटांवरील प्रयोगही उद्‌बोधक आहेत. घोट्याच्या वर येणारा उंच बूट पाय मुरगळू देत नाही, अशी खेळाडूंची पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बास्केटबॉल खेळणाऱ्या ६२२ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना यदृच्छेने तीन गटांत विभागण्यात आले. एका गटाला उंच बूट, दुसऱ्याला हवेचे कप्पे असलेले उंच बूट आणि तिसऱ्याला साधे आखूड बूट देण्यात आले. मोसमअखेर घोट्याच्या एकूण १५ दुखापती झाल्या आणि तिन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. टाचेखाली स्प्रिंगसारखे खांब बसविलेल्या बुटांचा एके काळी मोठा गाजावाजा झाला होता. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २३० महाविद्यालयीन खेळाडूंच्या पाहणीत त्या बुटांमुळेही घोटा लचकण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडलेला दिसला नाही.

बूट महत्त्वाचा, मग छाप का नव्हे?

तर मग बूट कोणताही घातला तरी सारखेच, असे म्हणावयाचे काय? तसे म्हणणे दुसऱ्या टोकाला जाणे होईल. बुटाच्या तळाची रचना निश्चित महत्त्वाची असते. अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या ३,११९ शालेय खेळाडूंची १९८९ ते १९९१ या काळात पाहणी करण्यात आली. कडेला लांब खिळे असलेले बूट जमिनीला अधिक घट्ट धरून ठेवतात. हे बूट वापरणाऱ्यांत गुडघ्याच्या पुढील अस्थिबंधाच्या दुखापतींचे प्रमाण इतरांहून अधिक भरले. पाय जमिनीत रुतून राहतो आणि शरीर मात्र वळते. तो पीळ मग गुडघ्याला सोसावा लागतो. लक्झेंबर्गमध्ये ८४८ हौशी धावपटूंना दिसायला अगदी एकसारखे, परंतु आतील गादीचा मऊपणा वेगवेगळा असलेले बूट देण्यात आले होते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार कठीण गादीच्या बुटांत दुखापतीचा धोका सुमारे दीडपट होता.

या दोन्ही ठिकाणी फरक पडला तो रचनेमुळे. छाप ही रचना नव्हे. एकच कंपनी उंच आणि आखूड, मऊ आणि कठीण, खिळ्यांचे आणि सपाट, असे डझनावारी नमुने बाजारात आणते व थोड्याच काळात ते बदलून टाकते. पाहणी पूर्ण होऊन निष्कर्ष छापून येईपर्यंत तो नमुना दुकानातून नाहीसा झालेला असतो. नाव तेवढे कायम राहते आणि जाहिरात त्या नावाचीच होते.

काही वस्तू अशा असतात की त्यांचा गुण ग्राहकाला खरेदीपूर्वी पारखता येत नाही आणि वापरानंतरही ताडून पाहता येत नाही. डार्बी आणि कार्नी या अर्थशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये अशा वस्तूंची मीमांसा केली. त्यांना आपण विश्वासावर घ्यावयाच्या वस्तू म्हणू. दुखापत टाळणारा बूट हे त्यांचे चपखल उदाहरण होय. मोसमभर घोटा मुरगळला नाही, तर ती बुटाची करामत, सरावाची की निव्वळ योगायोगाची, हे खेळाडू कधीच सांगू शकत नाही. अशा वेळी तो किमतीलाच गुणवत्तेची खूण मानतो. २०१४ मध्ये अमेरिकेत व्हायब्रम कंपनीने पायाच्या बोटांच्या आकाराचे आपले बूट दुखापती कमी करतात या दाव्यावरून झालेला खटला ३७ लाख ५० हजार डॉलर देऊन मिटविला, हे येथे लक्षात घ्यावे.

एवढ्यावर भागत नाही. खोटा विश्वास अपायकारकही ठरू शकतो. कॅनडातील दोन संशोधकांनी १९९७ मध्ये एक मार्मिक प्रयोग प्रसिद्ध केला. एकच गादी वेगवेगळ्या रूपांत मांडून तरुणांना तिच्यावर पाय टाकावयास सांगण्यात आले. ही गादी उत्तम संरक्षण देते असे ज्या वेळी सांगितले गेले, त्या वेळी त्यांनी पाय अधिक जोराने आपटला. धोक्याची सूचना दिली तेव्हा पाय आपोआप जपून पडला. सुरक्षिततेची हमी मिळाली की माणूस बेफिकीर होतो, हा विम्याच्या व्यवहारातील जुना अनुभव येथे पायाच्या तळव्यापर्यंत पोहोचलेला दिसतो.

निवड कोणाची, जोखीम कोणाची?

तथापि अमेरिकन महाविद्यालयांतील खरा प्रश्न याहून वेगळा आहे. तेथील संघातील विद्यार्थ्याला छाप निवडण्याची मुभा बहुधा नसतेच. नायकीने १९७० च्या दशकाच्या अखेरीस महाविद्यालयीन प्रशिक्षकांना पैसे देऊन त्यांच्या संघांच्या पायांत आपले बूट घालण्यास प्रारंभ केला. पुढे संपूर्ण विद्यापीठांशीच करार होऊ लागले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेने २०१६ मध्ये अंडर आर्मर कंपनीशी १५ वर्षांसाठी २८ कोटी डॉलरचा करार केला. २०२० मध्ये कंपनीने त्यातून अंग काढून घेतले. त्यानंतर तेथील खेळाडूंच्या पायांतील छाप बदलली. हा बदल कोणा वैद्याच्या सल्ल्याने झाला नव्हता, हे उघड आहे.

अमेरिकन फुटबॉलमध्ये घोट्याला आधार म्हणून बुटावरून चिकटपट्टी गुंडाळण्याची प्रथा आहे. परंतु अशा पट्टीखाली कंपनीचे चिन्ह झाकले जाते. म्हणून अनेक करारांत चिन्ह झाकण्यास मनाई करणारी कलमे घातलेली असतात. वैद्यकीय गरज असेल तेवढ्यापुरती कोठे कोठे सूट असते. घोट्याचा आधार आणि चिन्हाची प्रसिद्धी यांत संघर्ष उद्‌भवू शकतो, याची याहून स्पष्ट कबुली कोणती असणार?

करारामुळे विद्यापीठाला पैसा मिळतो, प्रशिक्षकाला मानधन मिळते, कंपनीला प्रसिद्धी मिळते. पाय मात्र विद्यार्थ्याचा असतो. २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावाच्या जाहिरातीतून कमाई करण्याची परवानगी मिळाली, ही इष्ट सुधारणा झाली. परंतु मैदानावर पायात काय घालावे याचा निर्णय त्यामुळे त्यांच्या हाती आला असे नव्हे. विल्यमसनसारख्या तारांकित खेळाडूसाठी समुद्रापलीकडील कारखाना कामाला लागला. राखीव बाकावर बसणाऱ्या अनामिक खेळाडूचा बूट फाटला असता तर समभागाचा भाव उतरला नसता, आणि म्हणूनच कोणाला एवढी घाईही झाली नसती.

ज्या उपायांनी दुखापती खरोखर घटतात ते मात्र स्वस्त आहेत. अमेरिकेच्या वेस्ट पॉइंट येथील सैनिकी अकादमीत १,६०१ छात्रांवर केलेला एक प्रयोग १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. बास्केटबॉल खेळताना घोट्याला आधारपट्टा बांधणाऱ्यांत ११, तर न बांधणाऱ्यांत ३५ दुखापती झाल्या. २००८ मध्ये महाविद्यालयीन मुलींच्या ६१ फुटबॉल संघांची पाहणी प्रसिद्ध झाली. सरावापूर्वी ठरावीक व्यायाम करणाऱ्या संघांत सरावाच्या वेळी गुडघ्याच्या पुढील अस्थिबंधाची एकही दुखापत झाली नाही. अन्य संघांत अशा सहा झाल्या. त्या व्यायामांना लागतो तो थोडा वेळ आणि शिकविणारा जाणता माणूस.

माझ्या विद्यार्थिनीला मी जे सांगितले त्याचा मथितार्थ हाच होता. एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळण्याचा संभव अधिक असतो. म्हणून प्रथम तो पुरता बरा होऊ द्यावा, एका पायावर तोल सांभाळण्याचे व्यायाम नियमाने करावेत, काही महिने आधारपट्टा बांधावा. बूट मापाचा, टाच घट्ट धरणारा आणि मैदानाला साजेसा असावा. तळ गुळगुळीत झाला की तो बदलावा. या अटी पुऱ्या करणारा बूट मध्यम किमतीतही मिळतो. उरलेले पैसे वडिलांजवळच राहू द्यावेत.

आणखी एक गोष्ट मात्र तिला एकटीला करता येण्यासारखी नाही. आपल्या महाविद्यालयांच्या जिमखान्यांत करंडकांची नोंद निष्ठेने ठेवली जाते. दुखापतींची नोंद कितीजण ठेवतात? खेळ कोणता, मैदान मातीचे की सिमेंटचे, पायात काय होते, सरावाचे तास किती आणि इजा कोणती, एवढे लिहावयास एक साधी वही पुरते. अशी वही प्रत्येक महाविद्यालयाने ठेवली आणि विद्यापीठाच्या क्रीडा विभागाने वर्षाअखेर ती एकत्र करून पाहिली, तर दोन-चार वर्षांत आपल्याच मुलामुलींच्या पायांविषयी आपल्याला काही खात्रीने बोलता येईल. पुढील सत्रापासून आमच्या जिमखान्यात ही वही ठेवावी, असे मी सुचविले आहे. तिच्यातील पहिली नोंद त्या उजव्या घोट्याची असेल.