कबुतर दोनच अंडीं कां घालतें?

अमरावतीच्या जुन्या परकोटाच्या भेगांत, अकोल्याच्या जिनांच्या पत्र्याखालीं किंवा नरनाळा व गाविलगड या किल्ल्यांच्या पडक्या भिंतींत पारवे पाहिले नाहींत असा विद्यार्थी आमच्या वऱ्हाडांत विरळाच. कांहींच्या घरीं तर कबुतरांची ढाबळही असते. पाळीव कबुतर हें या पारव्याचेंच वंशज होय. त्याच्या घरट्यांत पाहावें तों अंडीं दोन. क्वचित् एक, पण एका मादीचीं तीन बहुधा कधींच नाहींत. ज्वारी कितीही घाला, हा आंकडा वाढत नाहीं. उलटपक्षीं एखादी मादी अगदीं एकटी ठेविली, तर ती महिनेच्या महिने एकही अंडें घालीत नाहीं. मग पाळणारे तिला वांझ ठरवून मोकळे होतात. या दोन गोष्टींचीं कारणें प्रस्तुत लेखांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम संख्येचा विचार करूं. रानकोंबडी वर्षाकाठीं दहापंधरा अंडीं घालते. पण मनुष्यानें पिढ्यान्‌पिढ्या निवड करून तयार केलेली कोंबडी वर्षाला ३०० च्या आसपास घालूं लागली आहे. कबुतरही हजारों वर्षें पाळलेलेंच आहे. मोराप्रमाणें शेपटी उभारणारा लक्का व हवेंत कोलांट्या घेणारा गिरेबाज हे अशा निवडीचेच प्रकार. चार्लस डार्विन यांनीं १८५९ सालच्या आपल्या ग्रंथांत कबुतरांच्या जातींवरूनच निवडीचें सामर्थ्य दाखविलें. तरी लक्का असो कीं गिरेबाज, एका खेपेचीं अंडीं दोनच. कारण ही संख्या एका जातीची नसून कुळाची आहे; होल्यांसह बहुतेक सर्व कपोतकुळांत ती एक किंवा दोनच आढळते. जनुकांनीं, म्हणजे आईबापांकडून उतरणाऱ्या गुणांच्या बीजांनीं, ती फार प्राचीन काळींच ठरून गेली आहे. मांसासाठीं वाढविलेल्या जातींत वर्षांतील खेपा वाढल्या, खेपेंतील अंडीं वाढलीं नाहींत.

जनुकांनीं काढलेला हुकूम बजावण्याचें काम संप्रेरकांकडे असतें. संप्रेरक म्हणजे विशिष्ट ग्रंथींतून थेट रक्तांत मिसळणारें द्रव्य. त्याचें प्रमाण अत्यल्प, पण परिणाम मोठा. दाणापाणी मुबलक असलें व जोडीदार समोर घुमूं लागला, कीं मादीच्या मेंदूच्या तळाशीं असलेली पीयूषिका ग्रंथि जागी होते. तिच्या स्रावांनीं अंडाशयांतील बलक वाढूं लागतो, आणि अंडाशयांतून निघणारें इस्ट्रोजेन कवचाच्या चुन्याची तरतूद करूं लागतें. जोडी जमल्यापासून सुमारें आठदहा दिवसांनीं, बहुधा सायंकाळच्या सुमारास, पहिलें अंडें येतें; दुसरें त्यानंतर सुमारें ४४ तासांनीं.

या सर्वांत विलक्षण भाग डोळ्यांचा आहे. इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ हॅरिसन मॅथ्यूज यांनीं १९३९ सालीं आपले प्रयोग प्रसिद्ध केले. एकटी कोंडलेली मादी अंडें घालीना; कांचेपलीकडे नर दिसला, तर स्पर्श नसतांही ती घाली; नराऐवजीं दुसरी मादी दिसली तरी घाली. इतकेंच नव्हे, तर पिंजऱ्यांत आरसा ठेवितां स्वतःच्या प्रतिबिंबाच्या सोबतीनेंही तिनें अंडीं घातलीं! अशा अंड्यांतून अर्थात् पिलें निघत नाहींत. तेव्हां एकट्या मादीस वांझ म्हणणें हा तिच्यावर अन्याय आहे. तिच्या शरीरांत उणें कांहीं नसतें. तिच्यासमोर कोणी नसतें, एवढेंच.

अंडीं उबवूं लागतांच दुसरा अंमल सुरू होतो. साधारणपणें दिवसाचा मधला भाग नर व उरलेला वेळ आणि रात्र मादी, अशीं दोघें पाळीपाळीनें सुमारें १८ दिवस बसतात. या काळांत पीयूषिकेंतून प्रोलॅक्टिन नांवाचें संप्रेरक अधिकाधिक स्रवतें. तें अंडाशयाचें काम मंदावतें, आणि दोघांच्याही गळ्याखालील अन्नाच्या पिशवीचें अस्तर जाड करून त्यापासून दह्याच्या कवडीसारखा पदार्थ निर्माण करितें. यालाच कबुतराचें दूध म्हणतात. १९३३ सालीं अमेरिकेंतील ऑस्कर रिडल व त्यांचे सहकारी यांनीं या संप्रेरकास हें नांव दिलें. त्याची शक्ति मोजण्यासाठीं त्यांनीं कबुतराची हीच पिशवी उपयोगांत आणिली. मनुष्यमातेच्या दुधामागेंही हेंच संप्रेरक असतें. पहिले कांहीं दिवस पिलांस दुसरें अन्न चालत नाहीं. आई व बाप मिळून दोन पिलांस पुरेल एवढें दूध देतात. दोनच अंडीं कां, याचें उत्तर बहुतांशीं येथेंच आहे.

कांहीं मुलांस घरट्यांतील अंडीं काढून घेण्याची खोड असते. पहिलें अंडें नेलें तरी मादी त्याची भरपाई करीत नाहीं. दुसरें घालून थांबते. मात्र दोन्ही नेलीं, तर थोड्याच दिवसांत ती पुन्हां दोन घालते. हें तिला फुकट पडत नाहीं. अमेरिकेंत काइज व पॉटर यांनीं १९३४ सालीं दाखविलें कीं, अंडीं घालण्यापूर्वीं मादीच्या हाडांच्या पोकळींत नवें हाड भरून येतें. कवच तयार होतांना त्यांतील चुना खर्ची पडतो. वारंवार अंडीं नेल्यास हा सांठा आटतो, कवच पातळ होतें, आणि अंडें अडकून मादी दगावण्याचा संभव असतो. म्हणून ढाबळींत शिंपल्यांचा चुरा असावा, आमच्याकडील उन्हाळ्यांत स्वच्छ पाणी सदैव असावें, आणि घरट्यास उगाच हात लावूं नये.

राहतां राहिला एक प्रश्न: पिलूं नर होणार कीं मादी, हें कोण ठरवितें? पक्ष्यांत नराचीं दोन लिंगगुणसूत्रें सारखीं व मादीचीं भिन्न असतात. म्हणून निर्णय मादीच्या अंड्यावर होतो. तांबूस रंगाचें जनुकही याच गुणसूत्रावर असल्यामुळें, तांबूस मादी व निळसर नर यांची जोडी लाविली असतां तांबूस पिलें नर व निळसर पिलें माद्या निघतात. ढाबळ बाळगणाऱ्या विद्यार्थ्यांनीं हें स्वतः पडताळून पाहावें.

मनुष्यांत नियम नेमका उलटा आहे. तेथें मुलगा कीं मुलगी हें पित्याच्या बीजावर ठरतें. असें असूनही मुलगी झाली म्हणून सुनेस बोल लावणारीं घरें आमच्यांत अजून आहेत. सोबत्यावांचून ठेविलेल्या मादीस वांझ म्हणणें व मुलीच्या जन्माचा दोष सुनेवर ठेवणें, हीं दोन्ही एकाच अज्ञानाचीं फळें होत. पहिल्यानें एका पक्ष्याची उपेक्षा होते. दुसऱ्यानें एका माणसाचें आयुष्य कडू होतें. आमच्या विद्यार्थ्यांनीं हा भाग घरांतील वडील मंडळींस अवश्य वाचून दाखवावा.