बीपी मोजण्याआधीची पाच मिनिटे

आषाढात मुळशी तालुक्यात भातलावणीची धांदल असते. अशा दिवसांत एखादी आजी चिखलातून चढण चढून आरोग्य उपकेंद्रात येते. ती बसते न बसते तोच तिच्या दंडाला पट्टा बांधला जातो आणि आकडा येतो १६४/९६. आजी म्हणते, "बाई, मला तर काहीच होत नाही." आता खरे कोण, आकडा की आजी? गावात प्रशिक्षणासाठी येणाऱ्या प्रत्येक नर्सिंग विद्यार्थिनीने हा प्रश्न स्वतःला विचारायला हवा. कारण इथे दोघेही चुकलेले असू शकतात.

आधी आकड्याचे पाहू. चढणीच्या दमाने रक्तदाब तात्पुरता वाढतो. म्हणून मोजण्याआधी पाच मिनिटे शांत बसवावे. पाठ टेकलेली, पावले जमिनीवर, पायावर पाय नाही आणि दंड हृदयाच्या पातळीवर आधार देऊन ठेवलेला असावा. आधीच्या अर्ध्या तासात चहा, तंबाखू, मिश्री नको. लघवी तुंबलेली नको. मोजताना गप्पा नकोत. पट्टा दंडाला लहान पडला तर आकडा वाढीव येतो. मिनिटभराने पुन्हा मोजावे आणि १३८ आले तर १३८च लिहावे, १४० नव्हे. दंडाला पट्टा बांधून दाब मोजण्याची युक्ती १८९६ मध्ये इटलीच्या रिवा-रॉची यांनी दिली. पट्ट्याखालच्या धमनीतले आवाज स्टेथोस्कोपने ऐकण्याची पद्धत १९०५ मध्ये रशियाच्या कोरोत्कोव्ह यांनी. यंत्रे बदलली, पण ही पथ्ये पाळल्याशिवाय आकड्यावर विसंबता येत नाही.

आता आजीचे. हृदय आकुंचन पावताना धमन्यांच्या भिंतींवर पडणारा दाब म्हणजे वरचा आकडा आणि ते सैल पडल्यावर उरणारा दाब म्हणजे खालचा. वेगवेगळ्या दिवशी नीट मोजूनही वरचा १४० किंवा खालचा ९० वा त्याहून जास्त येत असेल, तर तो उच्च रक्तदाब. तो बहुधा दुखत नाही. मात्र आत डाव्या जवनिकेचा स्नायू जाड होत जातो, धमन्यांचे अस्तर दुखावते, तिथे चरबी साचते. पुढे हृदयाच्या धमनीत गुठळी अडकली तर झटका, मेंदूच्या धमनीत अडकली तर पक्षाघात. मूत्रपिंडेही निकामी होऊ शकतात.

कष्टाची कामे करणाऱ्याला बीपी होत नाही, हा समजही चुकीचा. याच तालुक्यात हिंजवडीत दिवसभर खुर्चीवर बसणारे आहेत आणि ताम्हिणीकडच्या वस्त्यांवर भात पिकवणारेही. हा आजार दोघांनाही गाठतो. दिवसभराचे मीठ पाच ग्रॅमच्या, म्हणजे साधारण चमचाभराच्या आत हवे. ते मोजताना लोणचे, पापड, सुकट आणि वेफर्स विसरून चालत नाही.

उपाय अवघड नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम सुरू झाला, त्याच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातले सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे होते. सोपी ठरलेली औषधे, त्यांचा अखंड पुरवठा, घराजवळ तपासणी आणि परिचारिकांसह सर्वांनी मिळून केलेला पाठपुरावा, एवढ्यावर तो उभा आहे. वरचा आकडा दहाने उतरला तरी झटका, पक्षाघात यांसारख्या मोठ्या संकटांचा धोका सुमारे पाचव्या हिश्श्याने घटतो.

अडते ते सातत्यावर. बीपी उतरले की "आता बरे आहे" म्हणून गोळी बंद होते. खरे तर ते गोळीमुळेच उतरलेले असते. लावणीच्या दिवसांत तर औषध आणायलाच सवड नसते. म्हणून पावसाआधीच पुरेशा गोळ्या हाती पडतील असे पाहावे.

छातीत दाब, घाम, डावा हात किंवा जबडा दुखणे, अचानक धाप लागणे, यातले काही झाले तर "पित्त असेल" म्हणत थांबू नये. १०८ ला फोन करावा. बायकांमध्ये आणि मधुमेहींमध्ये छातीत न दुखताही झटका येऊ शकतो. डोंगरातल्या वस्तीवरून रुग्णालय गाठायला वेळ लागतो आणि दर मिनिटाला हृदयाचा स्नायू मरत असतो.

आजीला पाच मिनिटे बसवा, नीट मोजा, डॉक्टरांना दाखवा. गोळ्या सुरू झाल्या, तर पुढच्या भेटीत "घेता ना?" असे विचारू नका, त्याला उत्तर 'हो'च येते. "पाकिटात किती उरल्यात, दाखवा बरं" असे विचारा.