सीपी-बेरारचा खाना

सिंदखेड राजाहून जालन्याकडे निघालेली एसटी थोड्याच वेळात जिल्हा ओलांडते. रस्ता तोच राहतो, बोली फारशी बदलत नाही, दोन्ही बाजूंच्या शेतांत कपाशी आणि सोयाबीन. पण सिनेमाच्या धंद्यातल्या माणसाला विचारा, तो सांगेल की मध्ये सरहद्द लागून गेली. बुलढाणा जिल्ह्यात फाडलेले तिकीट त्याच्या वहीत ‘सीपी-बेरार’च्या खान्यात जाते, जालन्यात फाडलेले ‘निजाम’च्या. सेंट्रल प्रॉव्हिन्सेस आणि बेरार हा प्रांत आता नकाशात नाही. निजामाचे राज्य 1948 मध्ये संपले. वितरकांच्या वहीत मात्र दोघांचीही गादी शाबूत आहे.

‘छावा’ने सहाशे कोटी कमावले हे आपण सगळ्यांनी ऐकले. 14 फेब्रुवारी 2025 ला लागलेला, लक्ष्मण उतेकरांनी दिग्दर्शित केलेला आणि शिवाजी सावंतांच्या कादंबरीवर बेतलेला हा चित्रपट. शंभूराजांची आजी सिंदखेडची, त्यामुळे या जिल्ह्याला तो घरचाच वाटला तर नवल नाही. पण ते सहाशे कोटी कुठून निघाले, कुणाच्या हातून गेले आणि शेवटी कुणाच्या घरात पडले, हे समजून घ्यायचे तर मुंबईच्या आकड्यांपेक्षा हा जुना खाना उघडलेला बरा.

हिंदी चित्रपटाचा देश म्हणजे वितरणाचे प्रांत: मुंबई, दिल्ली-यूपी, ईस्ट पंजाब, राजस्थान, सेंट्रल इंडिया, सीपी-बेरार, निजाम, म्हैसूर, बिहार, बंगाल, आणखी काही. पंजाबच्या आधी ‘ईस्ट’ लावायची गरज सरकारला उरलेली नाही, धंद्याला आहे. सीपी-बेरार, सेंट्रल इंडिया आणि राजस्थान मिळून होते ‘सेंट्रल सर्किट’. त्या भागातल्या वितरक-प्रदर्शकांची संघटना म्हणजे सेंट्रल सर्किट सिने असोसिएशन. तिचे ठाणे मुंबईत नाही, नागपुरातही नाही. ते भुसावळला, म्हणजे मलकापूरच्या माणसाला रेल्वेने हाकेच्या अंतरावर. शाखा अमरावती, इंदूर आणि जयपूरला. चित्रपट या मुलखात लावायचा तर आधी संघटनेकडे नोंदवायचा, असा दंडक होता. अशा सक्तीच्या नोंदणीवर भारतीय स्पर्धा आयोगाने 2012 मध्ये बोट ठेवले आणि देशातल्या अशा अनेक संघटनांबरोबर हिलाही दंड केला. प्रांतांची नावे मात्र कुणी पुसली नाहीत.

भुसावळच का, याचे उत्तर रेल्वेत आहे. चित्रपट डब्यात भरलेल्या रिळांनी प्रवास करायचा तेव्हा ‘पेटी’ रेल्वेने यायची. मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव ही स्टेशने मुंबई-हावडा मार्गावर, आणि जलंबहून खामगावला फाटा. जिल्ह्याचा उत्तर भाग असा पेटीच्या वाटेवर होता. चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा घाटावर. तिथे पेटी सडकेनेच चढायची. प्रिंटा मोजक्या असत. त्या आधी मोठ्या शहरांत झिजायच्या, मग तालुक्यात यायच्या. आता उपग्रहावरून आलेली फाईल मुंबईत आणि खामगावात एकाच शुक्रवारी उघडते. ‘छावा’सारख्या युद्धपटाच्या अर्थकारणाला यानेच सगळ्यात मोठी कलाटणी दिली. पूर्वीची कमाई पंचवीस आठवडे ठिबकायची, आजची पहिल्या तीन आठवड्यांत कोसळते.

आता एका तिकिटाचा माग काढू. ‘छावा’ लागला तेव्हा शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर 12 टक्के जीएसटी होता, त्यावरच्या तिकिटावर 18 टक्के. शंभराच्या तिकिटातले 10 रुपये 71 पैसे सरकारचे. उरलेले 89 रुपये 29 पैसे म्हणजे ‘नेट’. पहिला आकडा ग्रॉस, दुसरा नेट, आणि दोन्ही अजून थिएटरच्या गल्ल्यातच आहेत. 2009 मध्ये निर्माते-वितरक आणि मल्टिप्लेक्सवाले यांच्यात दोन महिने संप चालला. तो मिटताना ठरलेले प्रमाण असे: पहिल्या आठवड्यात नेटचा निम्मा भाग वितरकाला, दुसऱ्यात साडेबेचाळीस टक्के, तिसऱ्यात साडेसदतीस, चौथ्यापासून तीस. हा ‘शेअर’. म्हणजे पहिल्या आठवड्यात शंभरातले 44 रुपये 64 पैसे पुढे जातात आणि चौथ्या आठवड्यात जेमतेम 27. एकपडदा थिएटरचा सौदा वेगळा. तिथे आठवड्याचे ठरलेले भाडे किंवा ठरवलेली टक्केवारी चालते. वितरकाचे कमिशन आणि प्रसिद्धीचा खर्च वजा झाला की उरेल ते निर्मात्याचे.

याच गणिताने मुंबईतल्या तीनशेच्या तिकिटातून पहिल्या आठवड्यात 127 रुपये शेअर निघतो. एका तिकिटाची बरोबरी करायला आपल्याकडची जवळपास तीन माणसे लागतात. म्हणून सीपी-बेरारचा आकडा नेहमी मुंबईच्या खाली. तेवढ्यावरून प्रेक्षक कमी होते असा निष्कर्ष काढणाऱ्याने माणसे न मोजता रुपये मोजले, इतकेच.

याच चाळणीतून मोठे आकडे गाळून पाहावेत. ‘छावा’चा खर्च धंद्यातल्या अंदाजानुसार 130 कोटींच्या आसपास, भारतातले नेट सहाशेच्या घरात. शेअर पंचेचाळीस टक्के धरला तरी 270 कोटी. हा निर्विवाद विजय. ‘तान्हाजी’ 10 जानेवारी 2020 चा. खर्च दीडशे कोटींच्या आसपास सांगतात, नेट 280. त्याच दराने शेअर 126 कोटी, म्हणजे नुसत्या पडद्याने खर्चही पुरता भागत नाही. परदेशातली कमाई, टीव्ही आणि ओटीटीचे हक्क धरले की तो चित्रपट नफ्यात दिसतो. त्याच्या महिनाभर आधी, 6 डिसेंबर 2019 ला आशुतोष गोवारीकरांचा ‘पानिपत’ लागला. त्यासाठी नितीन चंद्रकांत देसाईंनी कर्जतच्या स्टुडिओत शनिवारवाडा उभा केला होता. खर्च शंभर कोटींच्या आसपास, नेट चाळिशीही न गाठणारे. शेअर काढायला कागदसुद्धा लागत नाही. मराठी बोलीत पानिपत होणे म्हणजे काय, ते वितरकांना निराळे समजावून सांगावे लागले नाही.

तोटा कुणाचा, हे सौद्यावर ठरते. वितरकाने ‘एमजी’ म्हणजे किमान हमी दिली असेल तर ठरलेली रक्कम आधीच निर्मात्याला गेली. चित्रपट पडला तर खड्डा वितरकाचा, चालला तर हमी फिटल्यावरच्या ‘ओव्हरफ्लो’त दोघांचा वाटा. ‘आऊटराइट’ घेतला तर नफा-नुकसान सगळे वितरकाचे. नुसत्या कमिशनवर घेतला तर जोखीम निर्मात्याची. प्रांत विकून खर्च आधीच वसूल करायचा, हा युद्धपटाचा जुना मार्ग. 1960 चा ‘मुघल-ए-आझम’ दीड कोटी खाऊन बसला होता. त्याचा एकेक प्रांत 17 लाखांना गेल्याची नोंद आहे, आणि तेव्हा असा भाव कुणी ऐकला नव्हता. त्यातल्या लढाईसाठी के. आसिफ यांनी लष्कराचे खरे जवान आणि घोडे आणले. तेव्हा पैसा पोटाला लागणाऱ्या माणसांवर जायचा: डाळ-भात, चंदी, तंबू. आज पुढे शंभर माणसे उभी करतात, मागची दहा हजार संगणकावर उगवतात. त्यांना जेवायला लागत नाही, पण त्यांचे बिल येते.

कराची गोष्ट तर गोल फिरून सिंहगडावरच येते. बाबूराव पेंटरांचा ‘सिंहगड’ 1923 चा. त्याला इतकी झुंबड उडाली की महसूल खात्याचे लक्ष तिकिटाच्या खिडकीकडे गेले आणि करमणूक कर आला, असे सिनेमाच्या इतिहासात सांगतात. मुंबई इलाख्याचा तो कायदा 1923 चाच आहे. सत्त्याण्णव वर्षांनी त्याच गडावरच्या, त्याच तानाजीच्या चित्रपटाला महाराष्ट्राने करमाफी दिली. राज्याचा जीएसटी सोडला. ‘छावा’ला मध्य प्रदेश आणि गोव्याने करमाफी दिली. महाराष्ट्रात मागणी झाली तेव्हा मुख्यमंत्र्यांनी उत्तर दिले की करमणूक कर 2017 मध्येच रद्द झाला आहे. करमाफीने तिकीट स्वस्त होते हे खरे, पण शेअरचे प्रमाण तसेच राहते. निर्मात्याला फायदा होतो तो जास्त माणसे आली तरच.

आता पुन्हा सरहद्दीवर येऊ. ती मुळात पडली कशी?

सिंदखेड राजा तालुक्यातच साखरखेर्डा आहे. ऑक्टोबर 1724 मध्ये तिथे दिल्लीच्या इशाऱ्यावर चालून आलेला हैदराबादचा सुभेदार मुबारिझखान आणि निजाम-उल्-मुल्क यांची लढाई झाली. बाजीराव पेशव्यांची मदत निजामाला होती. मुबारिझखान पडला. विजयाच्या खुशीत निजामाने गावाचे नाव फत्तेखेर्डा ठेवले. दिल्लीपासून सुटलेले हैदराबादचे राज्य खऱ्या अर्थाने या मैदानावर उभे राहिले, आणि वऱ्हाड, म्हणजेच बेरारही, त्यातच होता. पुढे इंग्रजांनी निजामाच्या नावाने फौज ठेवली, तिचा खर्च निजामावर टाकला, तो थकला. या उधारीपोटी 1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या हाती गेला. 1902 मध्ये वर्षाला 25 लाख रुपयांवर कायमचा पट्टा झाला, आणि पुढच्याच वर्षी वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला. बुलढाणा एका बाजूला राहिला, जालना दुसऱ्या. म्हणजे सिनेमाच्या वहीत हे दोन खाने वेगळे आहेत ते एका युद्धाच्या जमेमुळे आणि एका फौजेच्या थकलेल्या बिलामुळे.

वसुलीची आणखी एक तऱ्हा ‘छावा’ने दाखवली. चित्रपट उघडतो तो बऱ्हाणपूरच्या लुटीने. मलकापूरहून उत्तरेला तापीकाठचे हे शहर, 1681 च्या जानेवारीत मराठ्यांनी लुटलेले. मार्च 2025 मध्ये बऱ्हाणपूरजवळ असीरगडाच्या पायथ्याशी माणसे रात्री बॅटऱ्यांच्या उजेडात शेते खणू लागली. पडद्यावर पाहिलेला मोगली खजिना आपल्या मातीत असेल, या आशेने. पोलिसांना धाव घ्यावी लागली.

त्यांना हसणे सोपे आहे. पण तिकीट काढून आलेल्या माणसाने सहाशे कोटींच्या बातम्या ऐकाव्यात आणि त्यातले आपल्या वाट्याला काय, असे मनाशी विचारावे, यात वेडेपणा कमी आणि हिशेब जास्त आहे. खिडकीवर त्याने दिलेल्या शंभरातले पावणेअकरा रुपये सरकारात गेले, निम्म्याच्या आसपास थिएटरात राहिले, उरलेले मुंबईला. रात्री मॅनेजरने डीसीआर, म्हणजे दिवसाच्या गल्ल्याचा तक्ता भरला. त्यात शो, तिकिटे, रक्कम. वर मुलूख: सीपी-बेरार. निजामाला आणि इंग्रजांनाही या कपाशीच्या मुलखातून हवी होती ती हीच नोंद: वऱ्हाडातून किती आले.